आईच्या ठेवी अडकल्या आहेत. मूळ पावत्या 'नूतनीकरणा'ला द्याव्यात का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल, पण अर्धवट माहितीवर कुणाला सल्ला देता येत नाही, म्हणून सगळंच मांडते.

सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. वडील एसटीत ड्रायव्हर होते, २०१९ ला निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे असं जे हातात आलं त्यातून घरावर स्लॅब टाकला आणि उरलेले पाच लाख गावातल्या 'अर्बन बँके'त ठेवले. बोर्डावर पूर्ण नाव काय आहे ते कुणीच वाचत नाही, अख्खं गाव तिला बँकच म्हणतं. एसी आहे, लॉकर आहेत, पासबुक छापून मिळतं, दिवाळीला कॅलेंडर आणि पणत्यांचा बॉक्स घरपोच. सरकारी बँक सात टक्क्यांच्या आसपास देत होती तेव्हा इथे साडेदहा आणि ज्येष्ठांना अकरा. शिवाय चेअरमन म्हणजे गणपती मंडळापासून हायस्कूलच्या कमिटीपर्यंत सगळीकडे असलेला माणूस. अविश्वास दाखवायचा तरी कसा?

अडीच-अडीच लाखांच्या दोन पावत्या, दोन्ही मासिक व्याजाच्या. प्रत्येकीचे महिन्याला २,२९१ रुपये आईच्या बचत खात्यात पडायचे. तिसरी पावती २ लाखांची, ती नंतरची. गेल्याच्या गेल्या वर्षी मार्चअखेरीला मॅनेजर स्वतः घरी आले, टार्गेट पूर्ण करायचंय, तेरा महिन्यांची स्पेशल योजना आहे म्हणाले. वडिलांनी सरकारी बँकेतले दोन लाख रोख काढून त्यांना दिले. त्यानंतर चार महिन्यांत वडील गेले. त्यांची ईपीएसची पेन्शन आधीच तुटपुंजी, ती आता निम्मी होऊन आईला मिळते. त्यामुळे गॅस, औषधं, लाइटबिल हे सगळं त्या व्याजावरच चालायचं.

दसऱ्यापासून व्याज जमा होणं बंद झालं. आधी म्हणाले, सिस्टीम अपडेट चालू आहे. मग एका खात्याला दिवसाला दोन हजारच मिळतील म्हणाले. मग आठवड्याला दोन हजार. आता शटर अर्धं खाली असतं, आत एक शिपाई आणि एक क्लार्क. मॅनेजरांची बदली झाली, कुठे ते कुणी सांगत नाही. चेअरमन म्हणतात, "वसुली चालू आहे, कुणाचाही रुपया बुडणार नाही."

आता दोन गोष्टी समोर आल्यात. शाखेतून निरोप आलाय की मूळ पावत्या जमा करा, तीन वर्षं मुदतीच्या नव्या पावत्या मिळतील, व्याज सहा टक्के. सोबत पाचशेच्या स्टॅम्पवर संमतीपत्र द्यायचं, त्यात 'माझी संचालक मंडळाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही' अशी ओळ आहे. जे हे देणार नाहीत त्यांचा नंबर शेवटी लागेल म्हणे. दुसरं म्हणजे बाजारपेठेतला एक जण पावत्या विकत घेतोय, रुपयाला चाळीस पैसे, पैसे रोख. भाऊ म्हणतो, सात लाखांचे दोन लाख ऐंशी हजार तरी हातात येतायत, घेऊन मोकळं होऊ. आईचं म्हणणं, चेअरमन ओळखीचे आहेत, सही करून टाकू.

मला दोन्ही पटत नाही. पण मी पुण्यात बसून नुसतं 'थांबा' म्हणतेय, आणि त्यावर आईचं बरोबर उत्तर असतं, "किती थांबू?" पाच लाखांचा विमा असतो म्हणतात तो आम्हाला लागू आहे का? आणि तक्रार करायची तर नक्की कुणाकडे?

चहा_खारी

ताई, अजिबात घाबरू नका. पाच लाखांपर्यंत सरकारी विमा असतो आणि ९० दिवसांत पैसे मिळतात. आमच्या मावशीची मुंबईतली सहकारी बँक अशीच बंद पडली होती, फॉर्म भरून दिला आणि तिचे सगळे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात आले. तुमचे पाच तरी पक्के धरा.

निवृत्त_लेखापरीक्षक

चहा-खारी, तुमच्या मावशींचं खरं आहे, पण ते इथे लावू नका. या माऊली त्या भरवशावर बसल्या तर नुकसान होईल.

विमा देणारं महामंडळ रिझर्व्ह बँकेचं, ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. मर्यादा १९९३ पासून एक लाखच होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. मुद्दल आणि व्याज मिळून पाच. आणि तो विमा फक्त बँकांना. व्यापारी बँका, ग्रामीण बँका, लघु वित्त बँका, सहकारी बँका. पतसंस्था आणि क्रेडिट सोसायट्या त्यात नाहीत, मग दारात कितीही मोठा एसी लावलेला असो. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर पत्रक काढून सांगितलं होतं की सोसायट्यांनी नावात 'बँक' लावणं कायद्याविरुद्ध आहे आणि त्यांच्या ठेवींना विमा नाही. हे पत्रक तालुक्याच्या गावात कितीजणांनी वाचलं असेल ते आपण समजू शकतो.

बँक असती तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ ला निर्बंध आले आणि परवाना रद्द होईपर्यंत सप्टेंबर २०२२ उजाडला. पीएमसी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा पहिल्यांदा फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. सुमारे ७३ टक्के कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे, आणि ते झाकायला एकवीस हजारांवर खोटी खाती. हा सगळा कल्लोळ झाला म्हणून २०२१ मध्ये ठेव विम्याच्या कायद्यात १८-अ हे कलम आलं आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देणं बंधनकारक झालं. मावशींना मिळाले ते त्यामुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेत १२२ कोटींच्या रोकड अपहाराचं प्रकरण निघालं, तीही बँक होती म्हणून रिझर्व्ह बँक मध्ये पडली आणि ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली. सोसायटीच्या मागे असं कुणी उभं राहत नाही. तिथे ठेवीदाराच्या पैशाला आधार फक्त दोन गोष्टींचा, थकलेल्या कर्जाची वसुली आणि संचालकांची मालमत्ता.

आता ताई, तुमच्या प्रश्नाकडे. मूळ पावती कुणाच्याही हातात द्यायची नाही. चेअरमनच्या नाही, क्लार्कच्या नाही, तुमच्या ओळखीच्या वकिलाच्याही नाही. बघायला मागितली तर झेरॉक्स दाखवा. ते संमतीपत्र तर मुळीच नको. नवीन पावती घेतली की तुमची मुदत संपलेली ठेव पुन्हा तीन वर्षं चालू झाली. म्हणजे उद्या पोलिसांत गेलात तर ते म्हणणार, मुदत कुठे संपलीय, ठेव परत करायला नकार कुठे दिलाय? त्या सहीचा खरा उपयोग हा आहे, सहा टक्के हा नुसता वर्ख.

'नंबर शेवटी लागेल' ही धमकी आहे. असा नंबर कुठल्याही कायद्यात नाही.

मी सहकार खात्यात आणि नंतर पॅनलवर मिळून उभी हयात लेखापरीक्षणात घालवली. सोसायटीत गेलो की आधी कर्जाच्या फायली मागायचो नाही, त्या फायली पाहुण्यांसाठी नटवलेल्या असतात. मी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मागायचो आणि मार्चअखेरचं पान उघडायचो. ३० किंवा ३१ मार्चला एका दमात पंचवीस-तीस कर्जं पूर्ण फिटलेली. गावात त्या वर्षी दुष्काळ, उसाचं बिल आलेलं नाही, तरी सगळे थकबाकीदार एकाच दुपारी पैसे घेऊन आले! मग एप्रिलचं पान. त्याच माणसांना, त्याच तारणावर, थोडी वाढीव रकमेची नवीन कर्जं. थकलेलं व्याजही त्यातच मुरलेलं. याला आमच्याकडे नवं-जुनं म्हणतात. रुपया हललेला नसतो, पण ताळेबंदात थकबाकी शून्याकडे आणि संस्था 'अ' वर्गात. त्या 'अ'चा फ्लेक्स चौकात लागतो आणि तो बघून तुमच्या वडिलांसारखी माणसं ठेव ठेवतात.

एका ठिकाणी तिजोरी उघडायला लावली. पुस्तकात हातशिल्लक अडतीस लाख. आत नोटांची काही बंडलं आणि एका रबरबँडमध्ये गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. 'साहेबांकडे १२', 'भाऊंकडे ६ परत येणार', अशा. कॅशियर मला अगदी निरागसपणे म्हणाला, "सर, हे धरून मोजा, टॅली होतंय."

ताई, मला दोन गोष्टी सांगा. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक काय आहे? आणि तिन्ही पावत्या छापील आहेत का?

वारणाकाठ

काका, खूप आभार. भावाला तिन्ही पावत्यांचे फोटो पाठवायला सांगितले.

नाव मोठं आहे, शेवटी 'मल्टिस्टेट को-ऑप. क्रेडिट सोसायटी लि.' असं आहे. 'मल्टिस्टेट' हा शब्द बाकीच्या नावाच्या निम्म्या आकारात छापलाय. नोंदणी क्रमांक 'एमएससीएस/सीआर' ने सुरू होतो.

अडीच लाखांच्या दोन्ही छापील आहेत, आईवडिलांच्या नावे, दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो, असं लिहिलंय. दोन लाखांची मात्र हाताने लिहिलेली आहे. निळ्या पेनने. गोल शिक्का आहे, सही एकट्या मॅनेजरची, क्रमांकाच्या जागी नुसते तीन आकडे. भाऊ म्हणाला, त्या दिवशी प्रिंटर बंद आहे, नंतर छापील देतो असं म्हणाले होते. नंतर वडील आजारी पडले, ते राहूनच गेलं. आणि आज भावाने शाखेतून खात्याचा उतारा मागितला तर त्यात दोनच ठेवी दिसतायत. क्लार्क म्हणाला, तिसरीचं मला माहीत नाही.

हे वाचल्यापासून माझे हातपाय गळालेत.

पिग्मीचं_पुस्तक

ताई, मी शेजारच्याच जिल्ह्यातला. अशाच एका संस्थेचा पिग्मी एजंट होतो, म्हणजे दारोदार फिरून लोकांची रोजची बचत गोळा करणारा, ती संस्था बंद पडली. त्यामुळे हे पावत्या विकत घेणारे लोक कसे चालतात ते मी जवळून बघितलंय, तेवढं सांगतो. कायद्याचं काका सांगतील.

तुमच्या बाजारपेठेतला तो माणूस स्वतःच्या खिशातून चाळीस पैसे देत नसतो. त्याच्या मागे एक मोठा कर्जदार असतो. समजा त्याचं चाळीस लाखांचं कर्ज थकलंय आणि हायवेची जमीन संस्थेकडे गहाण आहे. तो एजंटामार्फत चाळीस लाखांच्या पावत्या सोळा लाखांत गोळा करतो. त्या संस्थेत जमा करतो, ठेव कर्जाला वळती होते, 'कर्ज निरंक'चा दाखला मिळतो आणि जमीन सुटते. आमच्याकडे याला मॅचिंग म्हणत. संस्थेच्या पुस्तकात चाळीस लाखांची ठेव कमी, चाळीस लाखांचं कर्ज कमी, वरवर बघता सगळं स्वच्छ. पण जी जमीन विकून शंभर लोकांना थोडे थोडे पैसे मिळाले असते ती गेली. उरतात ती बोगस कर्जं, ज्यांचा माणूसच सापडत नाही. मागे राहिलेल्या ठेवीदारांच्या वाट्याला तेच.

आणि भाव कसा पाडतात तेही बघा. आधी अफवा येते की प्रशासक बसणार, मग तर काहीच मिळणार नाही. दोन दिवसांत ४० चा भाव ३० होतो. मग कुणीतरी येऊन सांगतं, माझ्या ओळखीने तुमचं ३५ ला करून देतो. अफवा आणि ओळख दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात.

मी रोज संध्याकाळी चारनंतर भाजी मंडईपासून सुरुवात करायचो. पन्नास रुपये, शंभर रुपये, वडापाववाला दोनशे. एक म्हातारी लिंबू-मिरची विकायची, ती वीस रुपये द्यायची आणि पुस्तकावर आकडा लिहिताना माझ्या पेनकडे बघत राहायची, वाचता येत नव्हतं तरी. संस्था बुडाली तेव्हा चेअरमनच्या बंगल्यावर कुणी गेलं नाही, तिथे वॉचमन होता. सगळे माझ्या दारात. माझंही पाच टक्के कमिशनमधून कापलेलं सिक्युरिटी डिपॉझिट तिथेच अडकलंय, पण हे सांगायची सोय नव्हती. लोकांचं चूक म्हणत नाही मी. त्यांनी संस्थेला कधी बघितलंच नव्हतं, मला बघितलं होतं.

आटपाडकर_७

सगळे 'विकू नका' म्हणतायत, मी वेगळं सांगतो. मी विकली. पंचेचाळीस पैशांनी. बायकोचं ऑपरेशन होतं, हॉस्पिटलवाले अॅडव्हान्स भरल्याशिवाय तारीख देत नव्हते. एमपीआयडी, म्हणजे ठेवीदार संरक्षण कायद्याच्या कोर्टातून कधी पैसे येतील ते तिथल्या शिरस्तेदारालाही माहीत नव्हतं. नातेवाईक आजही 'घाई केलीस' म्हणतात. त्यांच्यातल्या एकानेही तेव्हा दहा हजार उसने दिले नव्हते. ज्याच्याकडे थांबायची ऐपत आहे त्याने थांबावं, एवढंच म्हणणं.

निवृत्त_लेखापरीक्षक

आटपाडकर, तुम्हाला नाव ठेवायला इथे कुणी बसलेलं नाही. नडलेल्या माणसाकडून निम्म्यात घेणाऱ्याला ठेवायचं ते नाव. पिग्मीवाल्यांनी मॅचिंग अगदी नेमकं सांगितलं. जळगावच्या बीएचआर मल्टिस्टेटच्या प्रकरणात, अवसायक (संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी) नेमल्यानंतरच्या काळातल्या नेमक्या याच प्रकाराच्या आरोपांवरून २०२० मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला. म्हणजे प्रशासन बदललं की भानगड थांबते असंही नाही, लक्ष ठेवावंच लागतं.

ताई, मल्टिस्टेट म्हणजे पुढचा रस्ता बदलला. साधी पतसंस्था असती तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, तालुक्याचे सहायक निबंधक, त्यांच्या वर जिल्हा उपनिबंधक. कलम ८३ ची चौकशी, मग ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करणं. तेही वर्षानुवर्षं रेंगाळतं आणि शेवटी अपील मंत्रालयात जातं, पण कार्यालय निदान जिल्ह्याच्या गावी असतं. मल्टिस्टेटला तो कायदाच लागू नाही. तिला २००२ चा केंद्राचा कायदा, आणि तिचा निबंधक दिल्लीत. तुमच्या आई उपनिबंधकांकडे गेल्या तर ते अर्ज घेतील आणि 'आमच्या अखत्यारीत नाही' म्हणून पुढे पाठवतील. गेल्या काही वर्षांत साध्या पतसंस्थांनी मल्टिस्टेटचं नाव का धरलं याचं एक कारण हेच, असं मी तरी धरून चालतो. शेजारच्या राज्यात एक शाखा दाखवायची आणि जिल्ह्यातल्या ऑडिटरच्या तावडीतून सुटायचं.

तरीही हातात काही आहे. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यात सहकारी लोकपालाची तरतूद आली, सभासदाच्या ठेवीची तक्रार तिथे करता येते. ठेवीदार सहसा सभासद करून घेतलेला असतोच, शंभर रुपयांचा शेअर कापलेला असेल, पासबुकाच्या शेवटच्या पानावर बघा. ती तक्रार जरूर करा. केंद्रीय निबंधकांकडेही एक प्रत पाठवा.

पण खरं हत्यार राज्याचं आहे. महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा १९९९ चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. बँका त्यातून वगळल्यात, सोसायट्या नाहीत. मल्टिस्टेटही त्यात बसते. बीएचआरमध्ये लागला, बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या प्रकरणातही लागला. यात नुसती शिक्षा नाही, मालमत्ता जप्त होते. संस्थेची तर होतेच, आणि ठेवीच्या पैशातून घेतलेली असेल तर दुसऱ्याच्या नावावरचीही. किमान उपजिल्हाधिकारी दर्जाचा सक्षम प्राधिकारी नेमला जातो, बहुतेकदा प्रांतसाहेबच, आणि विशेष न्यायालयाच्या हुकमाने लिलाव होऊन पैसे प्रमाणात वाटले जातात. फार वेळ लागतो, हे आटपाडकरांनी सांगितलं ते खोटं नाही. पण लवकर तक्रार झाली तर जप्तीला काही उरलेलं असतं. उशीर झाला की सातबाऱ्यावर मेहुण्याचं नाव चढलेलं असतं.

म्हणून मुदत संपलेल्या पावतीची लेखी मागणी आधी करा. साध्या कागदावर, दोन ओळींत, 'ठेवीची मुदत संपली आहे, रक्कम व्याजासह परत करावी.' शाखेत पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने शाखेला आणि मुख्य कार्यालयाला. चालू पावत्यांचं व्याज थकलंय त्याचीही त्यातच मागणी. उत्तर आलं नाही किंवा नकार आला की तोच तुमचा पुरावा. मग पोलीस ठाण्यात अर्ज, तिथून रकमेच्या मानाने आर्थिक गुन्हे शाखेकडे जाईल.

आता ती हाताने लिहिलेली पावती. घाबरू नका म्हणणार नाही, पण हातपाय गाळायचंही कारण नाही. हा प्रकार आम्ही पुष्कळ बघितलाय. जुन्या पद्धतीच्या पावती पुस्तकातलं पान फाडून द्यायचं, पैसे खतावणीत घ्यायचेच नाहीत. कधी मॅनेजर एकटा करतो, कधी वरच्यांच्या सांगण्यावरून, आणि पकडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ठेवीदाराच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की पावतीवर संस्थेचा शिक्का आहे आणि ती संस्थेच्या मॅनेजरनं दिलीय. वडिलांच्या सरकारी बँकेच्या पासबुकात त्या तारखेला दोन लाख काढल्याची नोंद असेल, तो उतारा आजच काढून घ्या. मॅनेजरचा त्या सुमाराचा फोन, व्हॉट्सअॅप, काही असेल तर तो मोबाइल जपून ठेवा, वडिलांचं सिम बंद करू नका. वीस हजारांच्या वर ठेव रोखीनं घेणं हा आयकर कायद्याचा भंग आहे, आणि तो दंड घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. त्यामुळे 'रोख दिलेत म्हणजे तुम्हीच अडचणीत याल' असं कुणी आईंना भिववलं तर हसून सोडून द्या.

आणि या पावतीचा उल्लेख अर्जात वेगळा, स्पष्ट करा. बाकीच्या दोन पुस्तकात आहेत, त्यांचं काम वसुलीवर अवलंबून. ही पुस्तकात नाही, म्हणजे इथे सरळ फसवणूक आणि अपहार आहे. खरं सांगायचं तर पोलिसांना हलवायला तुमच्या हातात सगळ्यात धारदार कागद हाच आहे. म्हणून तर नूतनीकरणाच्या नावाखाली मूळ पावत्या मागतायत, असा मला दाट संशय आहे. ती एकदा त्यांच्याकडे गेली की दोन लाख कधी ठेवलेच नव्हते.

चहा_खारी

माझ्या आधीच्या उत्तराबद्दल काका बोलले ते बरोबर. ज्यांची खरोखर सहकारी बँकच आहे त्यांच्यासाठी एक भर घालतो. मावशीला पैसे आपोआप आले नव्हते. बँकेत जाऊन संमतीचा फॉर्म, केवायसी आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागला. तिच्या शेजारणीने 'येतील आपोआप' म्हणून फॉर्मच दिला नाही, तिचे कितीतरी मागे पडले.

वारणाकाठ

काल रात्री हे सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. नूतनीकरणाचं तिला लगेच पटलं नाही. "त्यांनी आपल्याला दारात उभं केलं नाही असं कधी झालंय का?" असं म्हणाली. पण काकांनी लिहिलेलं 'दोन लाख कधी ठेवलेच नव्हते' हे वाक्य मी दोनदा वाचलं, तेव्हा गप्प झाली आणि मग म्हणाली, पावत्या मी डब्यात ठेवते, तुझ्या भावालाही देणार नाही.

वडिलांच्या पासबुकात नोंद सापडली. २८ मार्च, दोन लाख, स्वतःला रोख. हाताने लिहिलेल्या पावतीवर तारीख २८ मार्चच आहे.

व्हॉट्सअॅपवर मॅनेजरांचा एक मेसेजही आहे, 'काका, पावती तयार आहे, येताना चहा घ्यायला या.' त्याचा स्क्रीनशॉट पुरेल का, की फोनच द्यावा लागेल? आणि गावातले बाकीचे लोक अजून चेअरमनच्या शब्दावर बसलेत. आम्ही एकट्यांनी अर्ज दिला तर चालेल, की समिती होईपर्यंत थांबायचं?

निवृत्त_लेखापरीक्षक

थांबू नका. एकटीचा अर्ज चालतो, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज लागतोच, समिती झाली तरी. सामूहिक निवेदनात तुमचा पावती क्रमांक नसतो. स्क्रीनशॉट अर्जाला जोडा, पण मूळ मेसेज फोनमध्ये तसाच राहू द्या. फोन तपासासाठी मागितला तर पंचनामा करून, पावती घेऊनच द्या. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. ठाणे अंमलदार 'साहेब आल्यावर या' म्हणाले तर जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात आवक-जावक विभागात द्या, तिथे पोच नाकारत नाहीत.

पिग्मीचं_पुस्तक

अर्ज द्यायला जाताना आईंना सोबत घेऊन जा, पावती त्यांच्या नावावर आहे, नाहीतर परत पाठवतात. वडिलांचा मृत्यू दाखला लागेल, आधारही. आणि तुमच्या गावातल्या पिग्मी एजंटला एकदा भेटा. शिव्या घालायला नाही. त्याच्या वहीत कुणाकुणाच्या हाताने लिहिलेल्या पावत्या आहेत ते त्याला बहुतेक माहीत असतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. अशा आणखी चार-पाच निघाल्या तर तुमच्या अर्जाला फार वजन येईल.